ब्रेक ऑईल हे ऑईल नव्हे! आंबा घाट उतरणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्यासाठी

मंडळी, पाऊस तोंडावर आलाय. आता गाड्यांची कामं निघतील. वायपर बदलले जातील, टायरची नक्षी किती राहिली ते बघितलं जाईल, काचेला काहीतरी चोळलं जाईल. हे सगळं करायलाच पाहिजे. पण बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूला मागे एक छोटी पांढुरकी डबी दिसते. तिच्याकडं कोण बघत नाही. बघितलं तरी एवढंच, "लेव्हल हाय काय? हाय. चला."

आज त्या डबीविषयी लिहायचं आहे. पोस्ट लांब आहे. पण आपलं मलकापूर कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर आहे, आणि आपल्यातला प्रत्येक गाडीवाला वर्षातून चार-सहा वेळा तरी आंबा घाट उतरतो. कुणी गणपतीला कोकणात, कुणी संक्रांतीला मार्लेश्वराला, कुणी रत्नागिरीला कामाला, कुणी नुसतं पाऊस बघायला. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आधीच सांगतो. मी गॅरेजवाला नाही, माझं स्पेअर पार्टचं दुकान नाही, मला कुठल्या कंपनीचा माल खपवायचा नाही. शाळेत शिकवतो आणि स्वतःची जुनी गाडी स्वतः सांभाळतो.

पहिली गोष्ट नावाची. आपण सगळे 'ब्रेक ऑईल' म्हणतो. दुकानात तेच मागतो, मिस्त्रीही तेच म्हणतो. मीही या पोस्टमध्ये तेच म्हणणार आहे, कारण तोंडात तेच बसलंय. पण ते तेल नाही. आपल्या गाड्यांत असतं ते ग्लायकोल जातीचं रसायन. ते पाण्यात विरघळतं. तेल पाण्यात विरघळत नाही, हे माझ्या पाचवीच्या पोरांनाही माहीत आहे. नावातल्या या 'ऑईल'मुळं दोन घोळ होतात. एक म्हणजे लोकांना वाटतं, तेलच आहे, मग कमी पडलं तर दुसरं कुठलंही तेल थोडं टाकलं तर काय बिघडतंय? बिघडतं. इंजिन ऑईल किंवा पॉवर स्टेअरिंगचं ऑईल चमचाभर जरी त्या डबीत गेलं, तरी ब्रेकच्या आतली रबरं फुगतात आणि ब्रेक कामातून जातो. मग नुसतं धुऊन भागत नाही, रबरी पार्ट बदलावे लागतात. दुसरा घोळ म्हणजे, तेल काय खराब होत नाही, असं वाटतं. घरात गोडेतेलाचा डबा महिनोन् महिने राहतो तसं हेही राहील, असा समज. ते राहत नाही. कारण हे रसायन हवेतलं पाणी ओढून घेतं.

आता ते करतं काय, ते बघू. तुम्ही पायानं पेडल दाबता. तो दाब बारीक नळ्यांतून चाकापर्यंत नेण्याचं काम हे द्रव करतं. द्रव दाबून लहान होत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकाजवळच्या पॅडपर्यंत पोचतो. सगळी व्यवस्था या एका गुणावर उभी आहे. त्या नळीत द्रवाऐवजी वाफेचा बुडबुडा आला, की तुम्ही पेडल दाबल्यावर तो बुडबुडाच दबतो. पेडल खाली जातं, आणि गाडी तशीच पुढं जाते.

मग वाफ येते कुठून? उष्णतेतून. एक साधा हिशोब करू. माणसं आणि सामान धरून गाडी दीड टन. घाटात ती चारशे मीटर खाली उतरली, असं हिशोबापुरतं धरू. एवढं वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा सुटते, ती साधारण १८ लिटर गार पाणी उकळी येईपर्यंत तापवायला पुरेल. मोठा हंडाभर पाणी! यातली काही उष्णता वाऱ्यानं जाते, काही काम इंजिन करतं. पण जो माणूस गाडी न्यूट्रलला टाकून, नाहीतर वरच्याच गियरमध्ये ठेवून ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरतो, तो यातला मोठा वाटा चार चाकांतल्या त्या हाताएवढ्या पॅडांवर आणि डिस्कवर टाकतो. तिथून ती उष्णता ब्रेक ऑईलपर्यंत जाते. मळीच्या टँकरमागं, नाहीतर सुट्टीच्या गर्दीत रांगेत अडकलात, की थोडं सोडायचं, थोडं दाबायचं, असं अर्धा तास चालतं. आत काय तापत असेल, विचार करा.

आता आकडे सांगतो, कारण निवड आकड्यांवरच करायची आहे. बाटलीवर 'डॉट' असं लिहिलेलं असतं आणि पुढं ३, ४ किंवा ५.१ असा आकडा. डॉट ही अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नावाची आद्याक्षरं. त्यांनी घालून दिलेली प्रतवारी जगभर चालते, आपल्याकडंही चालते. प्रत्येक प्रतीला दोन उत्कलनबिंदू ठरवून दिलेत. एक नव्या, कोरड्या द्रवाचा. दुसरा ओल्या द्रवाचा, म्हणजे त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावरचा. त्याच्या खाली द्रव उकळता कामा नये.

डॉट ३ : कोरडं २०५ अंश, ओलं १४० अंश.
डॉट ४ : कोरडं २३० अंश, ओलं १५५ अंश.
डॉट ५.१ : कोरडं २६० अंश, ओलं १८० अंश.

नीट बघा. शंभरात चार भागसुद्धा पाणी नाही, आणि डॉट ४ थेट ७५ अंशांनी खाली आलं. म्हणजे पाणी मुरलेलं डॉट ४ हे ताज्या डॉट ३ पेक्षाही कमकुवत. म्हणून माझं म्हणणं असं आहे, की "मिस्त्री, चांगल्यातलं चांगलं टाका" म्हणून महागडी बाटली ओतायची आणि पाच वर्षं तिकडं बघायचं नाही, यापेक्षा साधं, गाडीला सांगितलेलं ब्रेक ऑईल वेळेवर बदलणं कितीतरी शहाणपणाचं. बाटलीवरचा मोठा आकडा फक्त पहिल्या दिवसाचा असतो. घाटात उपयोगी पडतो तो ओला आकडा.

आणि ओलाव्याचं आम्हाला कुणी सांगायला नको. शाहूवाडी तालुक्याचा पावसाळा म्हणजे कपाटातल्या कपड्यांना बुरशी, मिठाच्या बरणीत पाणी, दाराची फळी फुगून बसलेली. चार महिने हवेतच पाणी. ब्रेकची डबी पूर्ण हवाबंद नसते, तिला श्वास घ्यायला जागा ठेवलेली असते. शिवाय चाकाजवळच्या रबरी नळ्यांतूनही ओलावा हळूहळू आत शिरतो. गाडी दारात उभी असली तरी शिरतो. त्यामुळं "आमची गाडी फिरतच नाही, मग ऑईल कशाला बदलायचं?" या बोलण्यात दम नाही. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदला म्हणतात, ते किलोमीटर कितीही झाले तरी. माझं मत विचाराल तर आपल्या भागात दोन वर्षांच्या वर एक दिवस नको, आणि ते काम मे महिन्यात, पावसाच्या आधी उरकावं.

काही जण म्हणतील, मग पाणी न ओढणारंच का टाकू नये? तसं एक आहे, सिलिकॉनचं, डॉट ५. पण त्याचा आपल्या रोजच्या गाड्यांशी संबंध नाही. त्यात पाणी विरघळत नाही, म्हणून आत आलेलं पाणी थेंब होऊन खालच्या जागी साचतं. ते साधं पाणी म्हणून १०० अंशांवर उकळतं आणि तिथलं लोखंड गंजवतं. ग्लायकोल पाणी पितं हा दोष वाटतो, पण त्यामुळंच ते पाणी सगळीकडं पसरून राहतं, एका जागी साचत नाही. ग्लायकोलवाल्या गाडीत डॉट ५ मिसळायचं नाही, एबीएसच्या गाडीत तर नाहीच. आणि डॉट ५ आणि डॉट ५.१ ही सख्खी भावंडं नाहीत. ५.१ ग्लायकोलचंच आहे. फक्त त्या एका टिंबाकडं आणि एककाकडं नीट बघा.

आता मूळ दुखण्याकडं येतो. म्हणजे सुटं ब्रेक ऑईल.

गॅरेजवर चित्र कसं असतं, तुम्ही बघितलंय. फळीवर एक डबा. टोपण अर्धवट लावलेलं, कधी टोपणाच्या जागी फडक्याचा बोळा. कधी फोडला कुणालाच आठवत नाही. लेव्हल कमी दिसली की त्यातलं थोडं ओतायचं, पन्नास रुपये घ्यायचे, गाडी मोकळी. तो डबा महिनाभर आपल्या हवेत उघडा राहिला, तर त्यातलं ऑईल तुमच्या गाडीत पडायच्या आधीच पाणी पिऊन बसलेलं असतं. तुम्ही नवीन म्हणून जुनंच भरून घेता.

यात मिस्त्रीला शिव्या घालायला मी ही पोस्ट लिहीत नाही. आमच्या मिस्त्रींशी यावर बोललो. त्यांचं उत्तर खरं होतं. म्हणाले, "सर, गाडीला शंभर मिली लागतंय. मी त्यासाठी अर्ध्या लिटरची सीलबंद बाटली फोडली, तर गिऱ्हाईक म्हणतंय मिस्त्री गंडवायला लागला. शेजारच्याकडं पन्नासात होतंय म्हणतंय, आणि जातंय." चूक नाही त्यांची. सुटं आपणच मागतो म्हणून सुटं विकलं जातं. हॉटेलात पाण्याची बाटली सील फोडून समोर ठेवली नाही तर आपण परत पाठवतो. तेवढाच हट्ट ब्रेकच्या बाटलीसाठी धरला तर?

गंमत म्हणजे हे नवीन कायदा करून सांगायची गरजच नाही. बऱ्याच गाड्यांत त्या डबीच्या टोपणावरच इंग्रजीत छापलेलं असतं : टोपण काढण्याआधी पुसून घ्या, डॉट ३ किंवा डॉट ४ वापरा, आणि फक्त सीलबंद डब्यातलंच वापरा. कारखान्यानं तिथं लिहून ठेवलंय. आपण ते टोपण काढून बाजूला ठेवतो आणि सुट्या डब्यातलं ओततो!

आणि लेव्हल कमी झाली म्हणून वरून भरायचं, हे तरी बरोबर आहे का? ब्रेक ऑईल जळत नाही, आटत नाही. लेव्हल उतरली तर कारणं साधारण दोनच. एकतर पॅड झिजलेत, नाहीतर कुठंतरी गळतंय. पॅड झिजले असतील तर नवीन पॅड बसले की लेव्हल आपोआप वर येते. गळत असेल तर वरून ओतून काय उपयोग? म्हणून "लेव्हल मारून द्या" असं सांगण्याआधी "लेव्हल का उतरली?" असं विचारा.

इथं एक जण हमखास म्हणणार, "सर, आमच्या गाडीला दहा वर्षांत काय झालं नाही." मान्य. होणारही नाही, कारण सपाटीवर, बाजारपेठेत, शाळेच्या फेरीत ब्रेक तेवढा तापतच नाही. जुनं ऑईल रोजच्या वापरात काहीच तक्रार करत नाही. पेडल घट्ट, ब्रेक मस्त. त्याची परीक्षा होते ती वर्षातल्या त्या एका उतारावर, भरल्या गाडीत, मागच्या सीटवर आई आणि पोरं बसलेली असताना.

दुसरा म्हणेल, "एसटीवाले इतकी वर्षं घाट उतरतात." उतरतात, आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. एक तर एसटीच्या गाडीला हवेचे ब्रेक असतात, त्यात हे द्रवाचं प्रकरण नाही. आणि अनुभवी ड्रायव्हर घाटाच्या तोंडालाच गियर खाली घेतो. ज्या गियरमध्ये चढाल त्याच गियरमध्ये उतरा, हा जुना नियम. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे आपण, तो नाही.

या सगळ्यातली सगळ्यात वाईट गोष्ट आता सांगतो. ब्रेक थंड झाला की वाफेचं परत द्रव होतं. अर्ध्या तासानं पेडल दाबून बघितलं तर अगदी ठणठणीत! म्हणजे घाटात जीव टांगणीला लागलेला माणूस दुसऱ्या दिवशी गॅरेजवर गेला, तर मिस्त्री म्हणणार, "काय नाही, बरोबर हाय की." आणि अपघातच झाला तर? पुरावा निवून गेलेला असतो. बातमीत एक ठरलेलं वाक्य येतं, 'चालकाचा ताबा सुटल्याने'. ताबा कशानं सुटला, हे त्या वाक्यात नसतं. प्रत्येक अपघात ब्रेक ऑईलनं होतो, असं मी म्हणत नाही. वेग असतो, झोप असते, दारू असते, खड्डा असतो. पण जे कारण मागं खूणच ठेवत नाही, ते कुठल्या कागदावर येणार?

तपासणीचंही तसंच. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. तोवर सरकार तुमच्याकडं पीयूसी मागतं, विमा मागतं, पण गाडी थांबते का नाही हे विचारत नाही. वडापच्या जीपांना, टॅक्सी-टेम्पोला फिटनेस असतं. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी. तिथं ब्रेक लागतो का, ते बघतात. पण तो सपाटीवरचा ब्रेक. त्या ऑईलात पाणी किती, हे कोण बघतं? आणि वडापच्या जीपमध्ये आपलीच माणसं खच्चून बसलेली असतात, हेही विसरू नका.

रस्ता बदलतोय, तेही ध्यानात घ्या. २०२१ च्या जुलैमधल्या अतिवृष्टीत आंबा घाटात दरडी आल्या, रस्ता खचला, वाहतूक अडली, ते आपण सगळ्यांनी भोगलंय. आता मिऱ्या-नागपूर महामार्गाचं चौपदरीकरण चाललंय. रस्ता रुंद झाला की वेग वाढणार. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवायला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. घाटाची उंची काही कमी होणार नाही. म्हणजे नव्या रस्त्यावर ब्रेकचं काम वाढणारच आहे.

मग निवडायचं काय? थोडक्यात सांगतो, फोटो काढून ठेवा.

१. डबीच्या टोपणावर किंवा गाडीच्या पुस्तकात जो डॉट आकडा आहे तोच. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ सहसा चालतं, पण पुस्तकात परवानगी बघून. डॉट ४ सांगितलेल्या गाडीत डॉट ३ टाकून खाली उतरायचं नाही. नव्या गाडीला पुस्तकात विशेष पातळ डॉट ४ सांगितलं असेल तर तेच, कारण एबीएसच्या बारीक वाटांतून ते झटकन फिरावं लागतं.

२. बाटली सीलबंद. सील तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. पाव लिटरच्या बाटल्याही मिळतात. उरलेलं ठेवून पुढच्या वर्षी वापरू नका.

३. नुसतं वरून ओतणं म्हणजे बदलणं नव्हे. चारही चाकांवरून जुनं काढून, नवीन घालून, हवा काढून द्यायला सांगा. नवं ऑईल फिकट पिवळं असतं. काळपट झालं असेल तर बदलाच. पण फिकट दिसतंय म्हणून पाणी नाही, असं समजू नका. पाणी रंगानं कळत नाही.

४. तारीख लिहा. बॉनेटच्या आत एक चिकटपट्टी, महिना आणि वर्ष. बस.

५. डिस्क ब्रेकच्या मोटारसायकलवाल्यांनो, तुमच्या हँडलवर ती छोटी डबी आहे, तिलाही हेच सगळं लागू. आणि हे ऑईल रंग खातं. टाकीवर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

६. घाटात पेडल मऊ लागलं तर घाबरून गाडी बंद करू नका. गियर खाली घ्या, पेडल पटापट दाबा-सोडा, हँडब्रेक हळूहळू ओढा. बहुतेक गाड्यांत तो तारेवर चालतो, त्याला या द्रवाची गरज नाही. डोंगराच्या कडेला थांबा आणि ब्रेक आपोआप गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.

खर्च? बाटली आणि मजुरी धरून, दोन वर्षांतून एकदा, टाकीभर पेट्रोलपेक्षा कमी. गाडीच्या सीट कव्हरवर आपण यापेक्षा जास्त घालवतो.

शेवटी काही मागण्या. मागणं फुकटच असतं, म्हणून स्पष्ट मागतो.

मलकापूर आणि बांबवड्याच्या गॅरेजवाल्यांना : ब्रेक ऑईलमधलं पाणी दाखवणारं पेनासारखं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. अगदी काटेकोर नसेल, पण हिरवा दिवा की लाल, एवढं गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर दाखवतं. मग "गंडवतोय" म्हणायला जागा राहत नाही. एक पाटी लावा, 'इथे सुटं ब्रेक ऑईल टाकलं जात नाही'. पहिली पाटी ज्याची लागेल त्याचं नाव मी इथं अभिमानानं टाकीन.

आरटीओला : दर जानेवारीत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होतो, हेल्मेटची रॅली निघते, फलक लागतात. त्यातला एक दिवस आणि पावसाच्या आधीचा एक दिवस मलकापूरच्या स्टँडजवळ ब्रेक ऑईल तपासणीला द्या. वडापच्या जीपांपासून सुरुवात करा.

महामार्गवाल्यांना : घाटाच्या तोंडाला, मराठीत, लांबून वाचता येईल अशी पाटी, 'गियर खाली घ्या. ब्रेकवर घाट उतरू नका.'

आणि आपल्याला, म्हणजे मला आणि तुम्हाला : उद्या सकाळी बॉनेट उघडा. त्या डबीचं टोपण आधी पुसा. काढू नका, नुसतं वाचा. तुमच्या गाडीच्या टोपणावर कुठला डॉट आकडा आहे आणि ऑईल शेवटचं कधी बदललं, हे खाली कमेंटमध्ये लिहा. आठवत नसेल तर 'आठवत नाही' असंच लिहा. किती जणांना आठवत नाही ते एकदा कळू दे आपल्या गावाला.

पटलं तर घाट उतरणाऱ्या पाहुण्यांना पाठवा. मुंबई-पुण्याहून गणपतीला येणाऱ्यांना तर नक्की.